रिकाम्या हाताचा प्रयोग

माझ्या आणि तिच्या वर्गामध्ये भिंत नाही, लाकडी फळ्यांचं पार्टिशन आहे. शाळा बांधणाऱ्याला वाटलं असावं, तिसरीतली पोरं ती, आवाज करून करून किती करणार. त्या गृहस्थाला एक दिवस माझ्या खुर्चीत आणून बसवायला हवं होतं. मी इकडे कवितेतली चिमणी फांदीवर बसवते न बसवते, तोच पलीकडे चेंडू आपटायला लागायचे. कधी बादली लवंडायची. कधी अख्खा वर्ग एका सुरात "वितळला, वितळला" म्हणून गलका करायचा. मग मी डस्टर उचलायचे, पार्टिशनवर ठोकायचे आणि "शांतता" म्हणून ओरडायचे. पोरांनी माझं नाव शांतता बाई ठेवलंय. माझ्यासमोर कोणी म्हणत नाही, पण कान मलाही आहेत.

तिचं नाव करूनबघू बाई. तिसरी अ माझी, तिसरी ब तिची. तिला कोणीही काहीही विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं. बाई, उंच पेल्यात जास्त पाणी मावतं की बसक्या वाटीत? करून बघू. बाई, जड दगड आधी खाली पडतो की हलका? करून बघू. एकदा मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मीटिंगमध्ये विचारलं की खेळाचा तास सकाळी ठेवावा का दुपारी, तर ही सवयीनं तेच म्हणाली. सगळी स्टाफरूम हसली. ती पण हसली आणि मग तिनं खरंच दोन्ही करून बघायला लावलं.

आम्ही दोघी या शाळेत एकाच दिवशी लागलो. माझा राग नाकावर असतो, तिला राग येतच नाही, आणि त्याचा मला आणखी राग येतो. विज्ञान मीही शिकवते, पण पुस्तक उघडून, शिस्तीत. तिच्या वर्गातलं पुस्तक मात्र बहुतेक वेळा कशाच्या तरी खाली टेकू म्हणून असायचं.

एकदा तिनं बर्फाचे तुकडे आणले आणि पोरांना विचारलं, हे जास्त वेळ टिकवायचे तर कशात गुंडाळू? पोरांनी कागद आणला, रुमाल आणला, एकानं वडिलांचा मोजा आणला. तो वास अजून माझ्या नाकात आहे. मग ती माझ्याकडे येऊन माझी लोकरीची शाल मागायला लागली. मी म्हटलं, अगं, शालीनं ऊब येते, बर्फ लगेच वितळेल, एवढं कळत नाही का तुला? तर नेहमीचं उत्तर. शालीतला तुकडा सगळ्यात शेवटपर्यंत टिकला. शाल स्वतः गरम नसते, ती बाहेरची ऊब आत येऊ देत नाही, हे मी वर्षानुवर्षं शिकवत होते. शिकवत होते म्हणजे वाचून दाखवत होते. शाल ओली केली म्हणून मी तिच्याशी अबोला धरला. खरा राग शालीचा नव्हता, हे तिलाही कळत होतं.

तिच्या वर्गात दोन-तीन गोष्टींना फार मान होता. फळ्याचे तिनं तीन भाग केले होते: मला काय वाटतं, आम्ही काय केलं, आम्हाला काय दिसलं. तिसऱ्या भागात फक्त ज्यानं डोळ्यांनी पाहिलं त्यानंच लिहायचं. पुस्तकात आहे म्हणून नाही, बाई म्हणतात म्हणूनही नाही. "माहीत नाही" हे उत्तर तिथे चालायचं, उलट ते देणाऱ्याला पुढे बोलावलं जायचं. आणि प्रयोगात काही बदलायचं असेल तर एका वेळी एकच गोष्ट. दोरीला लोखंडी नट बांधून ती मुलांना झोका मोजायला द्यायची. दोरीही लांब केली आणि नटही जड घेतला तर झोका कशामुळे बदलला ते कसं कळणार? दोन पोरांना एकदम वर्गाबाहेर काढलं तर खोडी कोणाची होती ते कळतं का, असं ती विचारायची. पोरांना ते लगेच पटायचं, कारण दोघांना एकदम बाहेर काढणारी बाई पार्टिशनच्या अलीकडे होती.

शुक्रवारी शेवटच्या तासाला मुलांचे स्वतःचे प्रयोग असायचे. गटानं आपला प्रश्न आपण शोधायचा, प्रयोग आपण करायचा आणि सगळ्यांपुढे सांगायचा. ती आधी काही विचारायची नाही. तिलाही तो तिथेच पहिल्यांदा कळायचा.

सहामाही परीक्षा झाली त्या सुमारास मी तिचा हात पाहिला. स्टाफरूममध्ये आम्ही चहा घेत होतो. तिचा उजवा हात टेबलावर नुसता ठेवलेला होता आणि हलत होता. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट एकमेकांवर फिरत होतं, खडूचा बारीक तुकडा वळत असल्यासारखं. बशीतला चमचा किणकिणत होता. मी बघतेय हे पाहून तिनं हात एप्रनच्या खिशात घातला आणि म्हणाली, थंडी आहे ना आज. थंडी कसली, पंखा चालू होता.

ती निळा एप्रन घालते, त्याला दोन मोठे खिसे आहेत. त्या दिवसापासून तिचा हात कायम खिशात. नाहीतर कशात तरी गुंतलेला. मी मागे लागले, डॉक्टरकडे जा म्हणून. आज चल म्हटलं, उद्या चल म्हटलं. ती नुसतं "बघू" म्हणायची. सगळ्या जगाला करून बघायला लावणारी बाई स्वतःच्या वेळी पहिला शब्द गिळत होती. शेवटी एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी तिला जिन्यातच अडवलं आणि म्हटलं, आज सांगितल्याशिवाय मी तुला खाली उतरू देणार नाही. ती पायरीवर बसली. मीही बसले.

तिनं वडिलांचं सांगितलं. ते घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याला भिंग लावून केसाएवढ्या स्क्रूंशी खेळणारा माणूस. त्यांचा हात थरथरायला लागला, डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि घर हादरलं. दुकान बंद झालं, ते एक वेळ समजता येतं. पण मग आईनं चहाचा कप हातात देणं बंद केलं, ती स्वतः पाजायची. भाऊ दाढी करून द्यायचा. वहिनी शर्टाची बटणं लावायची. "असू द्या बाबा, मी करते," असं ही स्वतःसुद्धा दहादा म्हणायची. सगळे प्रेमानंच करत होते. बघता बघता त्या माणसाच्या हातात काही म्हणजे काही उरलं नाही. ते खिडकीपाशी बसायचे, दोन्ही हात मांडीवर ठेवून.

"आजारानं त्यांना नंतर नेलं," ती म्हणाली. "त्याच्या आधी आम्ही त्यांना रिकामं केलं होतं. मी डॉक्टरकडे गेले की मलाही नाव चिकटेल. मग मोठ्या बाई म्हणतील, वर्ग राहू द्या आता. घरी म्हणतील, राहू दे. मला वर्ग सोडून जगता येणार नाही गं."

शिपाईमामा कुलूप लावायला आले, तेव्हा आम्ही उठलो.

त्यानंतर पलीकडे काहीतरी विचित्र सुरू झालं. आधी तिचा चहा नाहीसा होऊ लागला. शिपाईमामा दुपारी दोघींचा चहा वर्गावर आणून देतात. ते मला म्हणाले, तिसरी 'ब'च्या बाईंनी चहा सोडला का हो? त्यांच्या पोरांनी दारातच सांगितलं, आज नको म्हणून. तिला विचारलं तर ती म्हणाली, मामाच आणत नाहीत. पुढच्या आठवड्यात चहा परत सुरू झाला, पण तिच्या डोक्यावरचा पंखा बंद. पोरं म्हणे उठून उठून तो बंद करत होती. आणि मग एक दिवस असा उजाडला की पार्टिशनच्या पलीकडून काहीच आवाज येईना. चेंडू नाही, बादली नाही, खोकलासुद्धा नाही. मी डस्टर हातात घेऊन बसले होते, पण ठोकणार कशासाठी? धावत जाऊन दारातून डोकावले, तर अख्खा वर्ग हाताची घडी घालून चिडीचूप आणि करूनबघू बाई मध्ये उभी, भूत पाहिल्यासारखी. तिनं मला डोळ्यांनीच विचारलं, हे काय आहे? मी काय सांगणार, कपाळ.

छडा लागला तो मधल्या सुट्टीत. मी वह्या तपासत वर्गात बसले होते आणि पार्टिशनच्या पलीकडे तीन-चार डोकी एकत्र आली होती. फळ्यांमधून कुजबुज स्पष्ट ऐकू येते, हे त्या पोरांना अजून ठाऊक नाही, आणि मीही सांगणार नाही. एक आवाज म्हणाला, आवाज केला नाही तरी उंदीर होताच. दुसरा म्हणाला, म्हणजे चहा नाही, वारा नाही आणि दंगाही नाही. तिसरा म्हणाला, पण काल काचेची बरणी धरली होती तेव्हा उंदीर नव्हता. मी कान टवकारले. शाळेत उंदीर झालेत हे मला कोणी का सांगितलं नाही?

दुसऱ्या आवाजाची मालकीण मला माहीत होती. वेल्डरची मुलगी. समोरचे दोन दात पडलेले, वेण्या घट्ट, आणि तिला काहीही सांगा, ती "कशावरून?" म्हणते. एकदा मी तिला आज सोमवार आहे असं सांगितलं होतं, तरी विचारलं. मी तिला बोलावून घेतलं. बराच वेळ ती ताकास तूर लागू देईना. म्हणाली, ज्याच्यावर प्रयोग आहे त्याला कळलं तर तो मुद्दाम नीट वागतो, म्हणून सांगायचं नाही असं ठरलंय. मी म्हटलं, प्रयोग माझ्यावर आहे का? ती म्हणाली, नाही. मग मला सांगायला हरकत नाही, असं तिलाच पटलं, आणि तिनं सगळं सांगितलं.

बाईंचा खिसा हलतो हे त्यांनी पाहिलं होतं. खिशात झोक्याचे नट असत, ते किणकिणायचे. पहिल्यांदा एकाला वाटलं, बाईंनी खिशात उंदीर पाळलाय. मग बाई फळ्याकडे वळल्या तेव्हा हात बाहेर आला आणि कळलं की उंदीर नाही, हातच हलतोय. नाव मात्र उंदीरच राहिलं. मग त्यांनी तेच केलं जे त्यांना येतं. कशामुळे हलतो? मला वाटतं, चहामुळे, माझी आजी म्हणते चहानं धडधडतं. मला वाटतं, वाऱ्यानं. मला वाटतं, आपण दंगा करतो म्हणून. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलत गेले. चहा, मग पंखा, मग दंगा. मी तोंडात बोट घातलं. ज्या वर्गाला मी जन्मभर शांत करू शकले नाही, तो वर्ग अख्खा दिवस गप्प बसला होता, आणि तो केवळ तपासणीसाठी.

"मग सापडलं का?" मी विचारलं.

"सापडलं," ती म्हणाली. "बाईंच्या हातात काही असलं की हात हलत नाही. रिकामा असला की हलतो. म्हणजे रिकामा ठेवल्यामुळे होतंय. आता आम्ही रिकामा ठेवतच नाही."

तेव्हा मला उमगलं. गेले काही दिवस तिच्या टेबलावर नुसता बाजार मांडलेला असायचा. वाटाणे, बाटल्यांची झाकणं, दोऱ्या, गोटे, अर्धा खाल्लेला पेरू. जो तो पोरगा उठून बाईंच्या हातात काहीतरी ठेवत होता. बाई, हे धरा ना. बाई, ही दोरी ओढून ठेवा ना. ती मला कौतुकानं म्हणाली होती, या वर्षीची मुलं भारी लाडात आलीत. लाडात कसली, ती पाळी लावून राखण करत होती. त्या मुलीसमोर रडायची लाज वाटली म्हणून मी तिला उगाचच वेणी नीट करायला सांगितलं आणि हाकललं.

येत्या शुक्रवारी ती मुलगी हा प्रयोग वर्गापुढे मांडणार होती. म्हणून मला कळलं त्याच दिवशी शाळा सुटल्यावर मी करूनबघू बाईला सगळं सांगितलं. ती ऐकताना हसली, मग खिशातून हात काढून कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, हे बघ, शुक्रवारी फक्त शाब्बास म्हण आणि सोडून दे. पोरं खूश होतील, तुझं गुपितही राहील. ती म्हणाली, आणि उद्या हातात वस्तू असतानाही हात हलायला लागला तर? मी म्हटलं, म्हणजे? ती म्हणाली, तर त्यांना वाटेल आपणच कुठेतरी कमी पडलो. आपण बाईंना पुरेसं काही धरायला दिलं नाही. ही पोरं जन्मभर तेच घेऊन बसतील.

मी तिच्यापुढे हात टेकले.

शुक्रवारी मी माझ्या वर्गाला चित्र काढायला बसवलं आणि पलीकडच्या दारात जाऊन उभी राहिले. बघते तर मागच्या बाकावर मोठ्या बाई. त्या अधूनमधून शुक्रवारच्या तासाला येऊन बसतात, नेमक्या आजच आल्या होत्या. मी तिला खूण केली, राहू दे आज. तिनं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

वेल्डरची मुलगी उभी राहिली. फळ्याचे तिन्ही भाग तिनं तिरक्या अक्षरांत भरले. चहा, पंखा, दंगा, सगळं सांगितलं. शेवटचं वाक्य मोठ्यानं वाचलं, हात रिकामा राहिल्यामुळे बाईंना हे झालं आणि आता आम्ही बरं केलं. वर्गानं टाळ्या वाजवल्या. मोठ्या बाई पुढे सरकून बसल्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत होतं.

करूनबघू बाई खुर्ची ओढून वर्गाच्या मधोमध बसली. उजवा हात खिशातून काढून तिनं टेबलावर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा. हात हलायला लागला. कोणी हसलं नाही. तिनं बरणी उचलली, हात थांबला. बरणी खाली ठेवली. थोड्या वेळानं तो परत हलायला लागला.

"तुम्हाला जे दिसलं ते अगदी बरोबर आहे," ती म्हणाली. "माझ्याही आधी तुम्हाला दिसलं. पण आता बरणी ठेवल्यावर तो परत आला. मग तो गेला होता, की नुसता थांबला होता?"

मग मागून कोणीतरी म्हणालं, थांबला होता.

"म्हणजे रिकामेपणामुळे तो झाला नाही. रिकामा असताना फक्त दिसतो. मला बहुतेक एक आजार झालाय. तो तुमच्यामुळे झालेला नाही आणि तुम्ही कितीही वस्तू दिल्यात तरी त्यामुळे जाणारही नाही. पुढे कधी हातात वस्तू असतानाही हात हलला, तर तुमचं काही चुकलं असं समजायचं नाही. हे नीट लक्षात ठेवा."

वेल्डरची मुलगी तशीच उभी होती. तिनं विचारलं, बहुतेक म्हणजे? डॉक्टरांनी काय सांगितलं? करूनबघू बाईनं तिला सरळ सांगितलं की ती डॉक्टरकडे गेलेलीच नाही. का नाही गेलात, असं त्या मुलीनं विचारलं.

"भीती वाटली," ती म्हणाली. "सगळे मिळून माझ्या हातातलं काढून घेतील, अशी."

मुलीनं खडू खाली ठेवला, डस्टर घेतलं आणि तिसऱ्या भागातलं शेवटचं वाक्य पुसलं. बाकीचं ठेवलं. पुसताना ती एकदाही मागे वळली नाही. मी दारात उभी राहून डोळे पुसत होते आणि मागे माझ्या वर्गात पोरं चित्रं टाकून एकमेकांच्या उरावर बसली होती. त्या दिवशी मी शांतता म्हटलं नाही.

शनिवारीच ती डॉक्टरकडे गेली. बरोबर नवरा होता. त्याचं चष्म्याचं छोटं दुकान आहे, माणूस अबोल. त्याला हे केव्हाचं दिसत होतं, पण ती बोलत नाही म्हणून तोही बोलला नव्हता. डॉक्टरांनी हात कधी हलतो आणि कधी थांबतो ते विचारलं, तर तिनं अख्खी हकिकत धडाधडा सांगितली, चहा-पंख्यासकट. हे एवढं बारकाईनं कोणी पाहिलं, असं डॉक्टरांनी विचारलं. ती म्हणाली, तिसरी ब. आजार वडिलांचाच निघाला. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले, वाढत जाणारा असतो हा, पण बराच काळ सावकाश वाढतो, आणि काम करत राहा.

सोमवारी मोठ्या बाईंनी तिला ऑफिसात बोलावलं. मला बोलावलं नव्हतं. मी गेले.

मोठ्या बाई वाईट नाहीत. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आवाज अगदी मऊ केला. म्हणाल्या, तुम्ही आता वर्ग राहू द्या. लायब्ररीचं टेबल आहे, तिथे बसा, आराम होईल. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या मनापासून बोलत होत्या. ती मान डोलावत होती. खिसा जोरात हलत होता. ती काहीच बोलेना हे पाहून माझं डोकं सणकलं.

मी म्हटलं, राहू काय द्या? तिला काय येत नाही ते सांगा. मोठ्या बाई म्हणाल्या, अहो, काचेची भांडी असतात, गरम पाणी असतं, उद्या एखाद्या पोराच्या अंगावर सांडलं तर मी आईबापांना काय तोंड दाखवू? प्रश्न बरोबर होता. मला राग आलेला असला तरी तेवढं कळत होतं.

"ते मी ओतीन," मी म्हटलं. "गरम पाणी, काच, सुरी, सगळं मी करीन. शिकवील ती."

"आणि तुमचा वर्ग?"

"तो पण तिथेच बसेल. पार्टिशनच्या मधल्या फळ्या काढा."

मोठ्या बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. दर वर्षी पक्की विटांची भिंत मागणारी बाई मी. त्यांना हसू आवरेना. माझं मलाही कळत नव्हतं मी काय बोलून बसले ते. पण एकदा शब्द गेला तो गेला, आणि मला त्याचा पश्चात्ताप झाला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. मोठ्या बाई तिला म्हणाल्या, तुम्हाला काय वाटतं? ती खुर्चीतून उठली आणि मोठ्या बाईंकडे नाही, माझ्याकडे पाहून म्हणाली, करून बघू. वार्षिक परीक्षेपर्यंत बघायचं आणि मग ठरवायचं, असं मोठ्या बाईंनी कबूल केलं.

सुतार आला, मधल्या फळ्या निघाल्या. दोन वर्ग एकत्र बसले तेव्हा जो काही आवाज झाला त्याबद्दल न बोललेलंच बरं.

पहिला प्रयोग साखरेचा होता. एका काचेच्या पेल्यात थंड पाणी, एकात गरम, दोन्हींत सारखी साखर, ढवळायचं नाही, कुठली आधी विरघळते ते पाहायचं. थंड पाणी मुलांनी भरलं. गरम पाण्याची किटली माझ्याकडे. सगळी मुलं खडूनं आखलेल्या रेघेच्या मागे, माना पुढे. ती माझ्या शेजारी उभी राहून म्हणाली, बारीक धार धर, भसकन ओतू नकोस. मी आयुष्यात हजारदा चहा ओतला असेल. पण किटली उचलली आणि तिच्याकडे नजर गेली. तिचे दोन्ही हात खाली होते, उजवा हात हलत होता, आणि आता तो ती लपवत नव्हती. इतक्या डोळ्यांसमोर तो तसाच उघडा हलत होता. मला वाटलं, माझ्या हातून एक थेंब जरी सांडला तरी हिचा वर्ग जाईल. आणि माझाच हात लटपटायला लागला. किटलीचं झाकण वाजायला लागलं.

"शांतता बाई," वेल्डरची मुलगी म्हणाली. माझ्या तोंडावर हे नाव मी पहिल्यांदाच ऐकत होते. "तुमच्या हातात तर वस्तू आहे, मग तो का हलतोय?"

करूनबघू बाई पुढे झाली आणि तिनं आपल्या उजव्या हातानं माझं मनगट खालून धरलं. आता तिच्या हातात माझा हात होता, आणि तिचा हात अगदी स्थिर होता. झाकण वाजायचं थांबलं.

"ओत," ती म्हणाली.

मी ओतलं. एक थेंबही बाहेर गेला नाही.